खंड्या बागेत चालला

तेजस्विनी पुण्यातली नोकरी सोडून पिंपळवंडीला परत आली, तेव्हा काय काम करतेस असं कुणी विचारलं की ती सरळ सांगायची, "कुत्री फिरवते." विचारणारा आधी हसायचा, मग ही चेष्टा नाही असं लक्षात आलं की विषय बदलायचा.

बाणेरला एका ठिकाणी लोक परगावी जाताना आपली कुत्री ठेवून जात. तिथं ती आधी पिंजरे धुवायला लागली होती. हळूहळू जी कुत्री कुणाला जवळ येऊ देत नसत ती तिच्याकडं यायला लागली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती गावी आली. आई काठीशिवाय चालायला लागली तरी ती परत गेली नाही, कारण तोवर नारायणगावात तिला काम मिळालं होतं.

या भागात ऊस तिथं बिबट्या. आणि बिबट्याला कुत्र्यासारखं सोपं खाणं नाही. पूर्वी कुत्री रानात, वस्तीवर मोकळी हिंडायची. आता ज्याला आपलं कुत्रं टिकवायचंय तो ते साखळीला किंवा पिंजऱ्यात ठेवतो. नारायणगावातल्या बंगल्यांत, सोसायट्यांत तर जागाच नाही. दिवसभर बांधलेलं कुत्रं येडं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतं, अंगावर धावतं. दातांचे डॉक्टर अमृत यांचा ब्रूनो तर नुसता खाऊन खाऊन पिंपासारखा झाला होता. तेजस्विनीनं पहिल्यांदा त्यालाच फिरवायला घेतलं. त्याच्या मागोमाग टोमॅटोचे व्यापारी भरतशेठ यांचा शेरा आला, एका शिक्षिकेची पांढरी पामेरियन छकुली आली, आणखी दोनतीन आली. रोज सकाळी चांगलं उजाडलं की ती स्कूटीवरून नारायणगावला यायची आणि घरोघरची कुत्री घेऊन मीना नदीच्या काठच्या बागेत जायची. शेताच्या वाटांवर दोन्ही बाजूंनी ऊस. मोकळी, चारी बाजूंनी दिसणारी जागा म्हणजे ती बागच.

बाग ग्रामपंचायतीची. पण तिच्यात जीव ओतला होता तुळशीदास नानांनी. नाना एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी या उकिरड्याच्या जागेवर कडुनिंब, करंज, बहावा लावला, उन्हाळ्यात डोक्यावर कॅन वाहून पाणी घातलं. चालायची वाट ते रोज स्वतः झाडायचे. सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं त्यांचा शब्द मोडत नसत.

नानांना कुत्री बागेत आलेली पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. तेजस्विनी घाण लगेच पिशवीत उचलायची, रोपांजवळ कुत्र्यांना जाऊ द्यायची नाही, म्हणून ते गप्प होते. पण एके दिवशी साळुबाई आजी छत्री टेकत वाटेवरून येत होत्या. वळणावर एकदम समोर शेरा. आजींनी घाबरून छत्री उचलली, आणि शेरा दोनदा मोठ्यानं भुंकला. दोर तेजस्विनीच्या हातात घट्ट होता, शेरा जागेवरून हलला नाही. तरी आजी मट्कन खाली बसल्या.

तेजस्विनीनं कुत्री झाडाला बांधली, आजींना उठवलं, पाणी दिलं. लागलं काहीच नव्हतं. पण आजी किती तरी वेळ हातातली छत्री सोडायला तयार नव्हत्या. नानांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर पाटी होती. कुत्र्यांना सक्त मनाई.

*

तेजस्विनी आधी साळुबाईंच्या घरी गेली. आजी ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. तिला बघून त्या रागावल्या नाहीत.

"मला कुत्र्यांचा राग न्हाई गं पोरी," त्या म्हणाल्या. "ल्हानपणी चावलं व्हतं. पोटात सुया घेतल्या. तवापास्नं भ्या बसलंय. लांबून येताना दिसलं तर मी बाजूला हुते. पण ते असं अचानक म्होरं येतं ना, तवा काळजाचं पानी हुतं."

"म्हंजी आधी कळलं तर चालंल?"

"कळलं तर काय. बाग काय माझ्या बापाची हाय?"

तेजस्विनी तिथून उठून थेट बाजारात गेली आणि बैलांच्या साजाच्या दुकानातून छोटी घुंगरं घेऊन आली. मग ती ग्रामपंचायतीत गेली. सरपंच फुलाबाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी एकटीनं ठरवलं तर उद्या गाव मला विचारंल. ग्रामसभेत बोल. ज्याला जे म्हणायचं ते सगळ्यांसमोर म्हणूदे."

ग्रामसभेला एरवी पाणी, रस्ते, गटार यावर जेवढी माणसं येतात त्याच्या दुप्पट आली. नाना आधी बोलले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"ती बाग म्हाताऱ्यांसाठी हाय, ल्हान पोरांसाठी हाय. कुत्र्याला काय कळतं? आज भुंकलं, उद्या चावंल. मग कोन जबाबदार? या पोरीवर माझा राग न्हाई. पन जनावर ते जनावर."

तेजस्विनी उभी राहिली.

"नाना, बागेत पाय ठेवायला जागा नसली तर ही कुत्री दिवसभर साखळीला राहतील. साखळीचं कुत्रंच चावतं. फिरलेलं, माणसांत वावरलेलं कुत्रं चावत नाही. मला रोज सकाळी फक्त नदीकडची कडेची वाट द्या. प्रत्येकाच्या गळ्यात घुंगरू असंल, म्हंजी लांबूनच कळंल."

मागून कुणीतरी म्हणालं, "बोलायला काय जातंय? घाटात गाडा पळल्याबिगर कळतंय व्हय?"

सभेत हशा पिकला. बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड असलेला हा मुलूख. घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, आपली बारी आली की बैल पळून दाखवायचे, तोंडच्या गप्पांना तिथं किंमत नसते. ते बोलणं नानांनी उचललं.

"बराबर हाय. हुनारच असंल तर हून जाऊंद्या बारी. बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, समद्या कुत्र्यांनी बागेत चालून दावायचं. हलगी वाजंल, शेळ्यामेंढ्या जातील, मटनाची पिशवी घेऊन मानूस जाईल. एक जरी कुत्रं अंगावर गेलं तर पाटी तशीच राहील." नाना थांबले. मग म्हणाले, "आनि आमचा खंड्या बी न्यायचा."

खंड्या सगळ्यांना माहीत होता. नानांच्या मळ्यातल्या घरापुढं बांधलेलं ते काळं गावठी कुत्रं. दूध घालणारा गवळी किटली फाटकातच ठेवून पळायचा.

फुलाबाई तेजस्विनीकडं बघत राहिल्या. नको म्हण, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"नेते," तेजस्विनी म्हणाली. "पण तो माझ्या हातून चालला तर त्यात काय खरं? तो नानांचा हाय. नाना रोज सकाळी माझ्यासंगं येतील, आणि त्या दिवशी त्याचा दोर नानांच्याच हातात राहील."

नाना काही बोलणार होते. पण सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं.

"येईन," ते म्हणाले.

*

पहिल्या दिवशी ती मळ्यात गेली तेव्हा खंड्या साखळी तुटेल एवढा ताणून भुंकत होता. ती त्याच्या पोहोचेबाहेर पाठमोरी बसली आणि नानांशी हवापाण्याच्या गप्पा मारायला लागली. मधूनमधून खांद्यावरून मागं भाकरीचा तुकडा टाकायची. त्याच्याकडं बघायची नाही. असेच बरेच दिवस गेले. नानांना हे काय चाललंय ते कळेना.

"शिकवनार कवा?"

"आधी तो मला बघूदे, नाना. मग मी त्याला बघंन."

एका सकाळी तिच्या पाठीला काहीतरी ओलं लागलं. खंड्या तिचा सदरा हुंगत होता. ती सावकाश वळली, हात पुढं केला, आणि त्यानं तो चाटला. नाना ओसरीवर उभे होते ते खाली आले.

मग तिनं दोर बांधला आणि साखळी सोडली.

"चल," ती म्हणाली.

खंड्या चालला. खांबाभोवती साखळीच्या टोकाला फिरून फिरून जमिनीवर एक गोल वाट पडली होती, गवताचं एक पातं नसलेली. तो त्या वाटेवरून एक फेरी चालला. मग दुसरी. तेजस्विनीनं दोर अगदी सैल सोडला होता, पुढं फाटक उघडं होतं, तरी तो त्या गोलाच्या कडेला आला की थांबायचा आणि वळायचा. कडेपलीकडं पाऊल टाकायचंच नाही असं जणू त्याच्या अंगात भिनलं होतं.

नाना ते बघत होते. मग ओसरीच्या पायरीवर बसले.

"याच्या आधी मोती व्हता आमचा," ते म्हणाले. "अंगनातनं बिबट्यानं नेला. मी दार उघडस्तवर उसात गेला व्हता. त्याच्यानंतर हे पिल्लू आनलं. म्हनलं, याला न्हाई जाऊ द्यायचं. दाराशीच बांधला, लाईटीखाली." त्यांनी खंड्याकडं बोट केलं. "मला वाटलं मी याला वाचवला."

"वाचवलाच की," तेजस्विनी म्हणाली. "रात्री त्याला जाळीच्या खोलीत ठेवा. साखळीला बांधलेल्याला पळता बी येत नाही. आणि दिवसा आपण फिरवू."

"त्यो तर कडंला येऊन थांबतोय."

"तुम्ही बोलवा."

नाना उठले. त्या गोल वाटेच्या पलीकडं, गवतात जाऊन उकिडवे बसले. त्यांनी हात पसरले. "ये रं खंड्या," ते म्हणाले. खंड्यानं कान टवकारले. कडेला आला. एक पाय पुढं टाकला, मागं घेतला. नाना तसेच बसून राहिले. त्यांच्या गुडघ्यांना कळ लागली असणार, पण ते हलले नाहीत. "ये माझ्या राजा."

खंड्या गवतात आला.

त्या दिवसानंतर नाना तेजस्विनीच्या आधी तयार असायचे. दोर कसा धरायचा, कुत्रं ताणायला लागलं की आपण का थांबायचं, सैल सोडलं की ते कसं मागं बघतं, हे सगळं ते शिकले. एक गोष्ट त्यांना फार अवघड गेली. समोरून काही आलं की त्यांचा हात आपोआप आवळायचा. "एसटीचा ब्रेक हाय का त्यो?" तेजस्विनी म्हणायची. "हात आवळला की त्याला कळतं, मालक भ्यालाय. मग तो तुमच्यासाठी भांडाय जातो."

*

बाजाराच्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. पिंपळवंडीहून, कळंबहून माणसं आली होती. कठड्यावर, बाकांवर, कुणी नदीच्या पायऱ्यांवर. हलगीवाले आले होते. नेहमी बैलगाड्यांच्या शर्यतीत माइक धरणारा ज्ञानेश्वर स्वतःहून माइक घेऊन उभा होता. तेजस्विनीचे वडील टोमॅटोची गाडी मार्केटला लावून घाईघाईनं आले होते आणि फाटकाजवळ शेवटच्या रांगेत उभे राहिले होते.

सगळी कुत्री तेजस्विनीजवळ, प्रत्येकाच्या गळ्यात घुंगरू. मागं नाना, धुतलेली टोपी घालून, हातात खंड्याचा दोर.

"चला," ती म्हणाली, आणि घुंगरं वाजायला लागली.

पहिल्या वळणावर हलगी कडाडली. छकुली तिथल्या तिथं थरथरायला लागली. तेजस्विनी थांबली, तिच्याकडं न बघता हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिली, आणि छकुलीचं थरथरणं थांबल्यावरच पुढं निघाली. पुढं मटणाची पिशवी घेऊन एक जण मुद्दाम रेंगाळत आला. ब्रूनोनं नाक वर केलं, जिभल्या चाटल्या. "ब्रूनो," एवढंच ती म्हणाली. ब्रूनोनं पिशवीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, मग मोठा सुस्कारा टाकून चालायला लागला. लोक हसले. डॉक्टर अमृत सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मग बहिरू मेंढपाळाची मेंढरं वाट ओलांडून गेली. हे ठरलेलं होतं. शेराच्या अंगावरचे केस उभे राहिले, पण तो तेजस्विनीच्या पायाशी बसून राहिला. सगळी मेंढरं जाईपर्यंत बसला. भरतशेठ शेजारच्याला म्हणाले, "ह्यो आमचाच शेरा हाय ना?"

जे ठरलेलं नव्हतं ते त्यानंतर घडलं. मेंढरांच्या मागं बांधून ठेवलेलं बहिरूचं कुत्रं दावं तोडून आलं. अनोळखी कुत्री आपल्या मेंढरांजवळ बघून ते दात विचकत, भुंकत, सरळ रांगेच्या शेवटी आलं. शेवटी खंड्या होता.

बायांनी पोरं मागं ओढली. तेजस्विनीनं आपली कुत्री खाली बसवली, पण ती पुढं होती आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिनं फक्त वळून नानांकडं बघितलं.

नानांचा हात आवळला. खंड्याचं अंग ताठ झालं, घशातून गुरगुर निघाली. मग सगळ्यांच्या देखत नानांनी मूठ सैल केली. दोर खाली लोंबायला लागला. ते एका पायावर वळले, पाठ फिरवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चल रं राजा. आपल्याला तिकडं जायाचंय."

खंड्यानं त्या कुत्र्याकडं एकदा बघितलं. आणि नानांच्या मागं वळला.

भांडायला कुणी उरलंच नाही म्हटल्यावर ते कुत्रं गोंधळून थांबलं. तेवढ्यात बहिरूची शीळ आली आणि ते शेपूट हलवत निघून गेलं.

ज्ञानेश्वरच्या हातात माइक होता, पण तो बोलायचं विसरला होता. बागेत नुसती घुंगरं ऐकू येत होती.

शेवटच्या वळणावर साळुबाई उभ्या होत्या. त्यांना कुणी उभं केलं नव्हतं. छत्री मिटून दोन्ही हातांत धरली होती, ओठ घट्ट मिटले होते. तेजस्विनी थबकली.

"येऊंदे," आजी म्हणाल्या. "मला ऐकू येतंय."

कुत्री नदीच्या कडेनं, एकामागं एक, त्यांच्यासमोरून गेली. शेरा गेला तेव्हा आजींनी डोळे मिटले, पण पाय हलवला नाही. शेवटी खंड्या आला. तो क्षणभर थांबला, त्यांच्या पदराचा वास घेतला. आजींनी श्वास रोखला. मग सोडला.

"जा बाबा," त्या म्हणाल्या. "लई गुनाचा हायस."

तेव्हा कुठं ज्ञानेश्वरला आवाज फुटला, आणि हलगी वाजायला लागली, आणि बागेत एकच गलका झाला. कुणीतरी गुलाल आणला होता. तेजस्विनी ओरडली की कुत्र्यांच्या डोळ्यांत जाईल, तेव्हा सगळा गुलाल नानांच्या टोपीवर आणि तिच्या केसांत पडला. भरतशेठ पेढ्याचा बॉक्स घेऊन फिरायला लागले. फाटकाजवळून तिचे वडील गर्दीतून वाट काढत आले. ते कमी बोलणारे. त्यांनी नुसते तिच्या हातातून छकुलीचे आणि ब्रूनोचे दोर घेतले, म्हणजे तिला दोन्ही हातांनी तोंड पुसता येईल. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

फुलाबाईंनी तिथल्या तिथं माइकवरून सांगितलं की नदीकडची वाट रोज सकाळी कुत्र्यांची. ज्याला आणायचं त्यानं दोर आणि घुंगरू लावून आणावं, आणि घाण ज्याची त्यानं उचलावी.

"आनि झाडांना पानी घालावं," नाना मधेच म्हणाले. ते सुद्धा मंजूर झालं.

*

त्या वर्षी तेजस्विनीचं काम एवढं वाढलं की तिनं कळंबच्या दोन मुलींना शिकवून हाताखाली घेतलं. नाना रोज खंड्याला घेऊन बागेत यायचे. नव्या माणसाला दोर कसा धरायचा ते तेच सांगायचे, आणि तेजस्विनी सांगायची त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन सांगायचे.

पुढं कळंबच्या ग्रामपंचायतीतून निरोप आला. त्यांच्याकडच्या मैदानावरून तसंच भांडण पेटलं होतं, आणि तेजस्विनीनं येऊन काही सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं.

"मी जाईन," ती म्हणाली. "पण मला बोलता येत नाही जास्त."

"बोलायचं माझ्यावर सोड," नाना म्हणाले.

ठरल्या दिवशी दोघं कळंबच्या मैदानात जीपमधून उतरले. मागच्या सीटवरून खंड्यानं उडी मारली. मैदानात दोन तट पडले होते, एकीकडं कुत्र्यांचे मालक, दुसरीकडं म्हातारी माणसं. काळं गावठी कुत्रं बघून म्हाताऱ्यांतला एक जण उठून उभा राहिला. "ओ पावणं, आधी ते बांधा बाजूला."

नानांनी दोर सैल केला, खंड्या त्यांच्या पायाशी बसला.

"बसा राव," नाना म्हणाले. "मी बी तुमच्याच बाजूचा हाय. म्हनूनच सांगाय आलोय."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.